गरोदरपणातली सोनोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात गरोदर बायकांची सोनोग्राफी करते. खालचे प्रश्न पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या बायकांनी, त्यांच्या आयांनी, सासवांनी आणि जहाजावरून फोन करणाऱ्या नवऱ्यांनी विचारलेले आहेत. दोडामार्ग-सावंतवाडीहून येणाऱ्याही पुष्कळ असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिला आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. सोनोग्राफी म्हणजे एक्स-रेच ना?

नाही. एक्स-रेमध्ये किरणोत्सर्ग असतो, सोनोग्राफीत फक्त आवाज असतो. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावर फिरवतात त्या प्रोबमधून साधारण २० ते ५० लाख कंपनांचा आवाज निघतो. तो बाळाच्या हाडांवरून, मांसावरून कमीजास्त परत येतो आणि त्या पडसादांवरून मशीन चित्र तयार करतं. हाड पांढरं दिसतं, पाणी काळं. पोटाला थंडगार जेल लावतात ते कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून, कारण हवा आली की आवाज आत पोचत नाही. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली या तंत्रावरचा आपला लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तिथून ही तपासणी जगभर गेली.

२. जास्त वेळा केली तर बाळाला त्रास होतो का?

इतक्या वर्षांच्या वापरात, गरज असताना केलेल्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी आवाजाने ऊतींना किंचित ऊब येते, म्हणून आम्ही लागेल तेवढाच वेळ आणि लागेल तेवढीच ताकद वापरतो. पहिल्या तीन महिन्यांत डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोय, विनाकारण लावत नाही. ‘नुसतं बघायला’ म्हणून दर पंधरा दिवसांनी करून घेऊ नका. मात्र डॉक्टरांनी कारण सांगून बोलावलं तर भीतीने टाळूही नका.

३. एकूण किती वेळा करावी लागते?

सगळं सुरळीत असेल तर बहुतेकींना चार: ७ ते ८ आठवड्यांत पहिली, ११ ते १४ आठवड्यांत मानेची, १८ ते २० आठवड्यांत अवयवांची आणि ३२ च्या पुढे वाढीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली २४ आठवड्यांच्या आत किमान एक तरी व्हावी असं सांगितलं. मधुमेह, रक्तदाब, जुळी, आधीचं सिझेरियन असं काही असेल तर संख्या वाढते. शेजारणीला तीनच झाल्या आणि मला सहा का, या तुलनेत अर्थ नाही.

४. पहिली सोनोग्राफी इतक्या लवकर कशाला? तिसऱ्या महिन्यात केली तर नाही का चालत?

चालते, पण लवकर केलेली जास्त कामाची. ती चार गोष्टी सांगते: गर्भ पिशवीतच आहे की नळीत, ठोके आहेत का, बाळ एक की दोन, आणि वय किती. गर्भ नळीत असेल तर नळी फुटून जिवावर बेतू शकतं. म्हणून दिवस राहिल्यावर एका बाजूला पोटात दुखतंय, लाल डाग जातोय, घेरी येतेय असं झालं तर सोनोग्राफीची तारीख यायची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते चौथ्या गोष्टीबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीने वाढतात. आई-बाप उंच असोत की बुटके, सांग्याचे असोत की स्वीडनचे, ८ आठवड्यांचं बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत दीड सेंटिमीटरच्या आसपास असतं. त्यामुळे या लांबीवरून काढलेलं वय पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. रिपोर्टात ही लांबी सीआरएल या नावाने असते. पुढे आईबापांची ठेवण, आईचा आहार, वारेची ताकद यांचा परिणाम दिसू लागतो आणि मापावरून वय सांगणं कठीण होतं.

बाळ कमी वाढलंय का, नऊ महिने भरून गेले का, कळा लवकर आल्या का, यांतल्या एकाही प्रश्नाला वय ठाऊक असल्याशिवाय उत्तर देता येत नाही. म्हणून हा पहिला कागद सोन्यासारखा जपा. त्याला जोडलेली काळी-पांढरी छपाई उष्णतेने काळी पडते, तेव्हा ती लॅमिनेट करू नका. घरी गेल्या गेल्या सगळ्या कागदांचा मोबाइलवर फोटो काढा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कपाटातला कागद कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

५. पोटभर पाणी पिऊन यायचं का? उपाशी यायचं का?

उपाशी कधीच नको. सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून बघायचं असेल तर लघवी साठलेली बरी, कारण भरलेली लघवीची पिशवी आतड्यांना बाजूला सारते. चौथ्या महिन्यानंतर सहसा गरज नसते. बाटलीभर पाणी पिऊन रांगेत तळमळत बसलेल्या सातव्या महिन्याच्या बायका पाहिल्या की वाईट वाटतं.

६. आतून सोनोग्राफी करायची म्हणतात. गर्भ पडणार नाही ना?

नाही. प्रोब योनिमार्गात थोडाच आत जातो, गर्भपिशवीच्या आत जात नाही. लहान गर्भ, पिशवीच्या तोंडाची लांबी आणि खाली असलेली वार पोटावरूनपेक्षा आतून स्पष्ट दिसते. लघवी करून यायचं. प्रोबवर दर वेळी नवीन आवरण चढवतात. खोलीत बाई असावी असा आग्रह धरा, आणि नको वाटलं तर नको म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

७. सहा आठवडे झाले, ठोके दिसत नाहीत. गोळ्या घेऊन मोकळं व्हा म्हणतात.

थांबा. ठोके साधारण सहाव्या आठवड्यात दिसू लागतात, आणि पाळी उशिरा येणाऱ्या बाईचे ‘सहा आठवडे’ प्रत्यक्षात पाचच असू शकतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नाहीत, किंवा गर्भपिशवीतल्या पाण्याच्या पिशवीचं सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा जास्त असूनही आत गर्भ नाही, तेव्हाच गर्भ वाढत नाही असं एका तपासणीत म्हणता येतं. त्याहून लहान माप असेल तर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. हे दिवस फार जड जातात, मला माहीत आहे. पण वाढता गर्भ घाईने गमावण्यापेक्षा हे थांबणं बरं. रक्तस्राव जास्त होऊ लागला तर मात्र लगेच इस्पितळात जा.

८. प्रत्येक रिपोर्टात बाळंतपणाची तारीख वेगळी. खरी कोणती?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात. एक उदाहरण घेऊ. शेवटची पाळी १० जानेवारीला सुरू झाली. त्यात २८० दिवस मिळवले की १७ ऑक्टोबर येते. पहिली सोनोग्राफी २० ऑक्टोबर म्हणते, पाचव्या महिन्यातली १२ ऑक्टोबर, आठव्या महिन्यातली २९ ऑक्टोबर. बाळ तेच, चूकही कोणाची नाही. नंतरच्या सोनोग्राफीत मशीन त्या दिवशीची मापं सरासरीशी ताडतं आणि ‘एवढ्या मापाचं बाळ साधारण इतक्या आठवड्यांचं’ म्हणून नवी तारीख छापतं. पाचव्या महिन्यात त्यात दहा दिवसांचा फरक पडू शकतो, सातव्यानंतर तीन आठवड्यांचाही.

नियम सोपा आहे. ९ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत आणि पाळीच्या हिशेबात पाच दिवसांपर्यंत, किंवा ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सात दिवसांपर्यंत फरक असेल तर पाळीची तारीख धरायची. फरक त्याहून जास्त असेल तर सोनोग्राफीची. एकदा धरली की पुढे ती बदलायची नाही. वरच्या उदाहरणात तारीख १७ ऑक्टोबरच राहील. आठव्या महिन्यात मशीनने २९ ऑक्टोबर छापलं याचा अर्थ तारीख पुढे गेली असा नसतो. बाळाची मापं सरासरीहून थोडी कमी आहेत, एवढंच त्यातून कळतं, आणि ते का, हे तपासायचं असतं. तारीख पुढे ढकलली तर कमी वाढलेलं बाळ कागदावर ठणठणीत दिसू लागतं. हा धोका खरा आहे.

टेस्ट ट्यूब पद्धतीने दिवस राहिले असतील तर गर्भ पिशवीत सोडल्याच्या दिवसावरूनच तारीख ठरते.

९. मानेची सोनोग्राफी म्हणजे काय? एनटी जास्त आली तर बाळात दोष आहेच का?

११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात, बाळ ४५ ते ८४ मिलिमीटर असताना, त्याच्या मानेमागे कातडीखाली साठलेलं पाणी मोजतात. त्याला एनटी म्हणतात. सोबत नाकाचं हाड बघतात आणि आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी करतात. या सगळ्यावरून डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता किती, एवढाच आकडा निघतो. ही चाळणी आहे. ३.५ मिलिमीटरहून जास्त एनटी असलेली पुष्कळ बाळं निरोगी जन्मतात, पण अशा वेळी गुणसूत्रांची पुढची तपासणी आणि हृदयाची बारकाईने सोनोग्राफी हवीच. कवटी न बनण्यासारखा मोठा दोष याच वेळी दिसू शकतो, म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नये.

१०. अॅनोमली स्कॅन (अवयवांची सोनोग्राफी) १८ आठवड्यांना सांगितलाय, नेमका चवथीत येतो. पुढे ढकलू का?

आठवडाभर पुढे न्या, चवथ नीट करा, पण २० आठवडे ओलांडू नका. १८ आठवड्यांत अवयव दिसण्याएवढे मोठे झालेले असतात. आणि काही गंभीर सापडलंच तर पुढच्या तपासण्यांना आणि विचार करायला दिवस लागतात. कायद्याचं घड्याळही असतं, त्याबद्दल प्रश्न २० पाहा.

यात डोक्यातल्या पाण्याच्या पोकळ्या, लहान मेंदू, ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या, जठर, मूत्रपिंडं, मूत्राशय, हातपाय, नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या असं एकेक करून बघतात. बाळ तेव्हा तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्याचं हृदय जेमतेम काजूगराएवढं. तेही धडधडणारं, आणि बाळ पाठ करून झोपलेलं! म्हणून अर्धा तास लागतो, कधी जास्त. ‘थोडं चालून या, काहीतरी खाऊन या’ म्हणाले तर घाबरू नका, बाळाने कूस बदलावी एवढंच हवं असतं. आई जाड असेल किंवा पोटावर जुनी शिवण असेल तर चित्र अंधूक येतं आणि पुन्हा बोलावतात.

आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल किंवा घरात जन्मजात हृदयदोष असेल तर बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, म्हणजे फीटल एको, करून घ्या.

११. रिपोर्ट नॉर्मल आलाय. म्हणजे बाळ शंभर टक्के चांगलं ना?

असं कोणीही सांगू शकत नाही. सोनोग्राफी आकार दाखवते. बुद्धी, नजर, ऐकणं, स्वमग्नता, रक्तातले आजार तिला दिसत नाहीत. हृदयातलं बारीक छिद्र, नुसती टाळूची फट, शौचमार्ग न उघडणं हे चांगल्या हातांतूनही सुटू शकतं. जे दिसण्यासारखं होतं ते ठीक दिसलं, असा नॉर्मल रिपोर्टाचा अर्थ घ्या. तो दिलासा लहान नाही.

१२. हृदयात पांढरा ठिपका लिहिलाय. दोन रात्री झोप नाही.

हृदयातला ठिपका, मेंदूतली छोटी पाण्याची गाठ, मूत्रपिंडाची किंचित सूज या खुणा आहेत, आजार नव्हेत. एकटी खूण असेल, बाकी सगळं ठीक असेल आणि आधीची चाळणी चांगली असेल तर बहुतेक वेळा त्यातून काहीच निघत नाही. मूत्रपिंडाच्या सुजेसाठी मात्र ३२ आठवड्यांच्या आसपास पुन्हा बघतात. असे शब्द इंटरनेटवर शोधू नका. डॉक्टरांना एकच विचारा: सोबत आणखी काही आहे का?

१३. ग्रहणात विळी धरली होती. बाळाचा ओठ फाटका असेल का, सोनोग्राफीत दिसेल?

ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास आणि टाळू बाराव्यापर्यंत जुळून झालेली असते. पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेला ओठ उसवत नाही. फाटका ओठ घराण्यातून येऊ शकतो, फिटांच्या काही औषधांनी, आईच्या धूम्रपानाने शक्यता वाढते. ओठ अॅनोमली स्कॅनमध्ये बहुधा दिसतो, आणि असलाच तर ऑपरेशनने चांगला जुळतो. सासूबाईंनी सांगितलं म्हणून ग्रहणात शांत बसलात तर काही बिघडत नाही, पण उपाशी आणि बिनपाण्याची राहू नका. आणि चुकून काही चिरलं म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. अशा अपराधी चेहऱ्याने आलेल्या मुली मी फार पाहिल्या आहेत.

१४. वार खाली आहे म्हणतात. सिझेरियनच होणार का?

पाचव्या महिन्यात वार खाली असणं नेहमीचं आहे. पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार तोंडापासून दूर जाते. ३२ आठवड्यांना पुन्हा बघतात, गरज पडली तर ३६ ला. तेव्हाही तोंडावर असेल तर सिझेरियन लागतं. आधी सिझेरियन झालेलं असून वार खाली पुढच्या बाजूला असेल तर ती जुन्या शिवणीत रुतली आहे का, हे नीट बघून घ्या, आणि बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळातच ठरवा. न दुखता लाल रक्त गेलं तर थांबू नका.

१५. पाणी कमी झालंय. किती शहाळी पिऊ?

शहाळी प्या, पाणी प्या, थोडा उपयोग होतो. पण बाळाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाची लघवी असते, त्यामुळे ते का कमी झालं हे शोधणं महत्त्वाचं: पाणी झिरपतंय का, वार कमी पडतेय का, बाळाची मूत्रपिंडं ठीक आहेत का. चार कोपऱ्यांची बेरीज ५ सेंटिमीटरच्या खाली किंवा सगळ्यात खोल जागा २ च्या खाली गेली तर कमी म्हणतात. कपडे सारखे ओले होत असतील तर ते आधी सांगा. लाजेने न सांगितल्याने वेळ जातो.

१६. आठव्या महिन्यात वजन कमी आलंय. मी नीट खाते तरी?

आधी तारीख तपासा, प्रश्न ८ प्रमाणे. निम्मी भीती कधीकधी तिथेच संपते.

मग वजन. मशीन बाळाला तोलत नाही. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून सूत्राने अंदाज काढतं. हे सूत्र बहुतेक ठिकाणी ह्यूस्टनच्या हॅडलॉक यांचं, १९८५ सालचं, अमेरिकेतल्या बाळांवरून बनवलेलं. त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतंच. रिपोर्टात अडीच किलो असेल तर बाळ सव्वादोनही असेल, पावणेतीनही. आईबाप लहानखुरे असतील तर बाळ लहान असूनही तंदुरुस्त असू शकतं.

लहान असणं आणि वाढ खुंटणं यात फरक करण्यासाठी आम्ही दोन गोष्टी बघतो. एक, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली मापं आपली रेघ धरून चालली आहेत की खाली घसरताहेत. दोन, डॉपलर. नाळेतलं रक्त वारेकडे सहज वाहतंय का, की दोन ठोक्यांच्या मध्ये प्रवाह थांबतोय किंवा उलटा फिरतोय? वार कमी पडू लागली की बाळ मेंदूकडे जास्त रक्त वळवतं, तेही दिसतं. त्यावरून बाळाला आणखी आत ठेवायचं की बाहेर काढायचं हे ठरतं.

आणि एक गोष्ट कुठल्याही मशीनपेक्षा मोठी. बाळाचं हलणं कमी झालं असं वाटलं तर ‘परवा सोनोग्राफी आहेच’ म्हणू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळात जा.

१७. गळ्याभोवती नाळ आहे. डोकं वर आहे.

जन्मताना चार-पाचांतल्या एका बाळाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि बहुतेक सुखरूप येतात. बाळ नाकाने श्वास घेत नसतं, तेव्हा ‘गळा आवळेल’ हे चित्र मनातून काढा. डोकं वर असण्याची चिंता ३६ आठवड्यांच्या आधी नको, बहुतेक बाळं स्वतःच फिरतात.

१८. जुळी आहेत. सारखी सोनोग्राफी का?

दोघांना मिळून वार एक की दोन, हे १४ आठवड्यांच्या आत सगळ्यात चांगलं कळतं. वार एकच असेल तर एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी बघतात. दोन वारा असतील तर एवढ्या वेळा लागत नाही. पहिल्या रिपोर्टात हे लिहिलेलं नसेल तर तेव्हाच विचारून घ्या.

१९. माझ्या बहिणीला इंग्लंडमध्ये मुलगा की मुलगी ते सांगितलं. इथे का नाही? आणि नवऱ्याला जहाजावर व्हिडिओ कॉल लावू का?

भारतात १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आहे आणि २००३ पासून तो आणखी कडक झाला. पासपोर्ट पोर्तुगालचा असला तरी तपासणी इथे होते तेव्हा हाच कायदा लागू. शब्दाने, खुणेने, ‘पेढे की बर्फी’ असं सूचक बोलूनही सांगणं गुन्हा आहे. विचारणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर मात्र नवऱ्याने किंवा घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा आधी धरून चालतो. दर तपासणीला फॉर्म एफ भरून तुमची सही घेतात आणि ओळखपत्र मागतात, तेही याच कायद्यामुळे. आधार कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी विसरू नका.

‘आमच्या गोव्यात तसं नसतं’ असं लोक म्हणतात. दोन मुलींनंतर तिसऱ्या खेपेला माझ्या टेबलावर रडणारी बाई मी पाहिली आहे, म्हणून मला ते पटत नाही.

व्हिडिओ कॉल बहुतेक केंद्रं आत करू देत नाहीत. बाहेर आल्यावर रिपोर्ट आणि ठोक्यांचा आकडा त्याला कळवा. हिमोफिलियासारखा मुलग्यांत उतरणारा आजार घराण्यात असेल तर त्यासाठी नोंदणीकृत अनुवंशशास्त्र केंद्रात तपासणीला कायदा परवानगी देतो. ते दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

२०. गंभीर दोष सापडला आणि २० आठवडे उलटून गेले. आता काहीच करता येत नाही का?

येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने आणि काही ठरावीक परिस्थितींत २४ पर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात मोठा दोष असेल तर २४ नंतरही, राज्याच्या वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तर. पण निर्णय घ्यायच्या आधी बालशल्यचिकित्सक किंवा बालहृदयतज्ज्ञ यांना भेटा. रिपोर्टातला शब्द भयंकर वाटतो, आणि त्यातले काही दोष जन्मानंतर पूर्ण बरे होतात. ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. दोन्ही बाजूंनी कोणी ढकलत असेल तर एकटीने डॉक्टरांशी बोलायची वेळ मागा.

२१. खाजगीत परवडत नाही. सरकारीत होते का?

होते. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं इथे सोय आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. गर्दी असते, म्हणून अॅनोमली स्कॅनचा नंबर चौथ्या महिन्यातच लावा.

२२. लग्न झालेलं नाही. करतील का?

करतील. फॉर्मवर आई किंवा वडिलांचं नाव चालतं. वय १८ च्या आत असेल तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं, पण त्यासाठी तपासणी आणि उपचार नाकारता येत नाहीत.

२३. सहाव्या महिन्यात पहिल्यांदा येतेय. पाळीची तारीख आठवत नाही, बाळ अंगावर पीत होतं.

या, उशीर झाला म्हणून कोणी रागावलं तरी या. अंगावर पाजताना पाळी न येताच दिवस राहतात, त्यात तुमची चूक नाही. डोकं आणि मांडीचं हाड तर मोजतोच, शिवाय लहान मेंदूची रुंदी बघतो. २०-२२ आठवड्यांपर्यंत ती जितके मिलिमीटर, साधारण तितके आठवडे, आणि बाळ बारीक असलं तरी ती फारशी कमी होत नाही. ३२ च्या सुमारास मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका दिसू लागतो, त्याचाही आधार मिळतो. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मापं घेऊन वाढीचा वेग बघायचा. येताना आठवून ठेवा: बाळाचं पहिलं हलणं कधी जाणवलं, शिमग्याच्या आधी की नंतर?